हसले का, तेवढं सांग

सिनेमाचं परीक्षण लिहिणाऱ्यांबद्दल माझ्या मनात पूर्वी काहीच नव्हतं. बोरी गावात राहणाऱ्या बाईचा आणि त्यांचा संबंध येतोच कुठं? ते तिकडं लिहायचे, आम्ही इकडं त्याच कागदावर शेंगा वाळत घालायचो, दोघांचंही बरं चाललं होतं. पण माझ्या धाकट्या दिरानं सिनेमा काढला, त्यात सासऱ्यांनी काम केलं, आणि ही सगळी विद्वान मंडळी मोबाइलमधून थेट आमच्या ओसरीवर येऊन बसली. तेव्हापासून त्यांचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. हसता येत नाही आणि हसू येतंय हे कबूल करता येत नाही, अशा माणसांना विनोदी सिनेमा दाखवायला नेतं कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

आधी सासऱ्यांचं सांगते. त्यांना घरात आणि गावात सगळे आबाच म्हणतात. तरुणपणी आबा गावच्या जत्रेतल्या नाटकात सोंगाड्याचं काम करायचे. त्यांनी पडद्याआडून नुसतं पाऊल बाहेर टाकलं तरी माणसं हसायला लागायची, असं गावातल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. मी ते पाहिलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले तोवर त्यांनी ते सोडलं होतं. थोरल्या नणंदेची सोयरीक जमत होती तेव्हा पालमच्या पाहुण्यांनी म्हणे तोंड वाकडं केलं, "व्याही नाटकात नाचतो व्हय?" झालं! त्या दिवसापासून आबांनी डोक्याला पटका बांधला, आवाज खाली आणला आणि ओसरीवर बसून ते मोठे माणूस झाले. नणंदेचं लग्न थाटात झालं. आबांना मात्र त्यानंतर कुणी हसलं नाही.

म्हणजे सासूबाई हसायच्या. घरात माणूसकाणूस नसलं की आबा म्हशीशी तलाठ्याच्या आवाजात बोलायचे, "अर्ज केला का? न्हाई? मग दूध कामून मागायलीस?" आणि सासूबाई पोट धरून बसायच्या. मी स्वयंपाकघरात असायचे, तोंडात पदराचा बोळा कोंबून. आमच्याकडं सुनेनं सासऱ्यापुढं दात काढायचे नसतात. हसू आलं तर चुलीकडं तोंड करायचं, खोकल्याचं निमित्त करायचं, पाणी आणायला जायचं. मी इतक्यांदा पाणी आणायला गेले असेन की घरातली घागर कधी रिकामी राहिली नाही. आबांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते एकदा सासूबाईंना म्हणालेही, "पोरगी गुणाची हाय, पण हसत न्हाई बिचारी. जन्मतःच असंल." सासूबाईंनी त्यांना खरं सांगितलं नाही. आता सासूबाईही नाहीत.

दीर परभणीत लग्नाची शूटिंगं करतो. दुसऱ्यांच्या नवऱ्या-नवरदेवांना हार घालताना बघून बघून कंटाळला असेल, त्यानं सिनेमा काढायचं मनावर घेतलं. गोष्ट जुन्या काळातली. गावात एकच फोन, एकच रेडिओ, सगळे सायकलवर. आणि बोरीच्या शिवारात, उभ्या ज्वारीत, उडती तबकडी उतरते. तिच्यातून बाहेर येतो परग्रहावरचा म्हातारा. तो आलाय पृथ्वी जिंकायला, पण गावात नेमकं लग्न असतं आणि सगळ्यांना वाटतं हा पाहुणाच आहे, मुलाकडचा असेल. मग काय, पाहुण्याला सोडतंय कोण? या घरी चहा, त्या घरी पोहे, तिसऱ्या घरी "अवो, आमच्याकडं पाणी बी घेतलं न्हाई तुमी" म्हणून रुसवा. तिकडं वरून त्याचे लोक बिनतारी यंत्रावर ओरडतायत, पृथ्वी घेतली का, पृथ्वी घेतली का, आणि हा तोंडात भजं धरून म्हणतोय, थांबा की थोडं, पंगत उठू द्या.

परग्रहावरचा म्हातारा म्हणजे अर्थातच आबा. दिरानं विचारलं तेव्हा त्यांनी आधी पटका नीट केला. पालमचे पाहुणे आता कुणी राहिलेले नव्हते, तोंड वाकडं करायला. मग म्हणाले, "करतो. पण मला एवढंच कळलं पायजे, माणसं हसली का न्हाई. पैसा नको, नाव नको. हसले का, तेवढं सांगायचं."

तबकडी म्हणजे आचाऱ्याच्या दोन मोठ्या काहिली, एक सुलटी आणि तिच्यावर एक पालथी. आबांच्या डोक्याला वेताचं टोपलं, त्यावर मिठाईच्या डब्यातला चांदीचा कागद चिकटवलेला, वर सायकलच्या दोन तारा. चहा मी करायचे. सगळ्या सिनेमाचा जीव एका प्रसंगात होता. म्हातारा ओसरीवर बसतो, कपातला चहा बशीत ओततो, फुंकर घालतो, बशी ओठांपर्यंत नेतो, आणि दारातून कुणीतरी म्हणतं, "रामराम, पाव्हणं!" आता रामराम घालायचा तर दोन्ही हात जोडायला पाहिजेत. हातात भरलेली बशी. मग तो जागा शोधतो. खाली ठेवावी तर कोंबडी येते, बाजेवर ठेवावी तर तिथं कुणीतरी झोपलंय. शेवटी तो बशी आपल्याच टोपल्यावर ठेवतो आणि हात जोडतो. पण मान वाकवली तर चहा सांडणार! म्हणून मान ताठ ठेवून तो अख्खाच्या अख्खा गुडघ्यातून खाली जातो. तसाच वर येतो. बशी काढतो, फुंकर घालतो, ओठांपर्यंत नेतो, आणि दारात दुसरा माणूस, "रामराम!"

आबांनी ते केलं तेव्हा मी गोठ्याच्या मागं होते. पदराचा बोळा तोंडात होताच. मला इतकं हसू आलं की डोळ्यांना धारा लागल्या आणि गोठ्यातली म्हैस माझ्याकडं वळून बघायला लागली.

सिनेमा पुण्यात कुठल्याशा महोत्सवात लागला. आबांना जाता आलं नाही. त्या उठबशांनी त्यांचे गुडघे जे धरले ते धरलेच. दीर गेला, पण ऐन वेळी त्याचा धीर सुटला, आत बसवेना, म्हणून तो पूर्ण वेळ बाहेर चहाच्या टपरीवर उभा राहिला. परत आल्यावर आबांनी पहिला प्रश्न केला, "हसले का?" तो म्हणाला, "आबा, बाहेर आले तवा सगळे लय गंभीर होते. हात मिळवायले, पाठ थोपटायले. काय कळंना." आबांचा चेहरा पडला. मी म्हणाले, काळजी करू नका, आता छापून येईल की, त्यात असेलच. त्या बिचाऱ्या आशेवर आम्ही राहिलो.

सकाळी धारा झाल्या की मी चहा घेऊन ओसरीवर जायचे, मोबाइल उघडायचे आणि आलेलं परीक्षण आबांना वाचून दाखवायचे. पहिलंच परीक्षण पुण्याच्या एका पेपरातलं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की पालथी काहील ही मराठवाड्याच्या रिकाम्या पोटाची प्रतिमा आहे. आता बघा! अहो, सिनेमाभर तो माणूस खातोय! पहिल्या मिनिटाला पोह्यांनी सुरुवात करतो ते शेवटच्या मिनिटाला जिलेबी घेऊन वर जातो. कुठंय रिकामं पोट? पण मराठवाडा म्हटला की यांचं ठरलेलं असतं. आधी डोळ्यांत पाणी आणायचं, मग चष्मा पुसायचा, मग सिनेमा बघायचा. आम्ही हसून दाखवलं तरी यांना त्यात हुंदकाच ऐकू येतो.

मी वाचून थांबले. आबांनी बशी खाली ठेवली.

"ते समदं ऱ्हाऊ दे. हसले का?"

"तसं काही लिहिलं नाही, आबा."

"पुढं बग बरं."

पुढं त्या गृहस्थांचं स्वतःचं बालपण होतं.

दुसऱ्यानं सिनेमाच्या जुनेपणाचं कौतुक केलं होतं. जुन्या काळातल्या विज्ञानपटांना दिलेली मानवंदना, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं यान, वगैरे. मुद्दाम! दिरानं ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. आचाऱ्याला संध्याकाळच्या पंगतीला काहिली परत पाहिजे होत्या, तो बांधावर उभा राहून शिव्या घालत होता, म्हणून रंग न देताच शूटिंग उरकलं. एका ठिकाणी तर तबकडीला तळाशी बुंदीचा पाक चिकटलेला दिसतो. त्या पाकावरही या माणसानं चार ओळी लिहिल्या होत्या, अवकाशातल्या गंजाबद्दल.

तिसरा एक पोरगा, मोबाइलवर बोलून परीक्षण करणारा. कानाला भलेमोठे डबे लावलेले, मागं निळे दिवे. परभणी नीट म्हणता येत नव्हतं, पण परभणीची नस त्याला बरोबर सापडली होती म्हणे. चहाचा प्रसंग लांबला, असं त्याचं मत. त्यानं अडीच तारे दिले. आबांनी बोटांवर मोजून बघितलं.

"अडीच म्हंजे हसला का?"

"काय माहीत, आबा."

"तिनाला हसत असतील," आबा म्हणाले. "थोडक्यात हुकलं."

मला पाणी आणायला जावं लागलं. पण आत गेल्यावर हसू आलंच नाही. त्यांनी ते खरंच विचारलं होतं. रडूच आलं.

एका बाईंनी लिहिलं की या वृद्ध नटाच्या चेहऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना गोठलेली आहे. ती वेदना पिढ्यांची नव्हती, कवळीची होती. आबांनी नवीन कवळी बसवली होती आणि ती खालच्या हिरडीला टोचत होती. दातांच्या डॉक्टरनं नंतर कानशीनं घासून दिली, वेदना गेली. जिल्ह्याच्या एका पेपरानं तर कमालच केली. अर्ध्या मजकुरात दिराचा सत्कार कुणाकुणाच्या हस्ते झाला त्यांची नावं, आणि शेवटी, सिनेमातली गाणी श्रवणीय झाली आहेत. सिनेमात एकही गाणं नाही. लिहिणाऱ्यानं सिनेमा पाहिलाच नव्हता, आणि तरी मी म्हणेन की सगळ्यांत प्रामाणिक तोच. त्यानं निदान बघून न बघितल्यासारखं केलं नाही.

शेवटी मी वैतागून एकाच्या परीक्षणाखाली स्वतः लिहिलं, "तुम्हाला हसू आलं का, एवढं फक्त सांगा." त्याचं उत्तर आलं, "धन्यवाद ताई, असंच प्रेम असू द्या." पुढं जोडलेले हात. आग लागो त्या प्रेमाला!

आबांचं बोलणं हळूहळू कमी झालं. म्हशीला तलाठी भेटायचा बंद झाला. मग एका सकाळी मी मोबाइल काढला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई. शिकलेली माणसं हायेत, त्यास्नी कळतंच असंल. मला वाटायचं जमतंय मला. तवा बी माणसं उगं मान ठिवून हसत असतील." तवा म्हणजे जत्रेत. म्हणजे या लोकांनी आबांचा आजचा सिनेमाच नाही, मागची नाटकंसुद्धा त्यांच्याकडून काढून घेतली. दीर दुसऱ्या सिनेमाची गोष्ट लिहीत होता, त्यातही आबांनाच टोपलं घालायचं असं त्याच्या मनात होतं. आबांनी त्याला सरळ सांगितलं, "दुसरा माणूस बग. मला हसवता येत न्हाई." आणि ते टोपलं माळ्यावर टाकायला लावलं.

आता यावर उपाय म्हणून आमच्या यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काय करावं? गावात सिनेमा दाखवायचा ठरवला. इथवर बरोबर. गावातली माणसं हसतील, आबा ऐकतील, संपलं. पण आमच्याकडं कुठलीही गोष्ट साधी करायची सोय नाही. सिनेमा म्हटल्यावर कार्यक्रम आला, कार्यक्रम म्हटल्यावर सत्कार आला, सत्कार म्हटल्यावर प्रमुख पाहुणे आले. मी म्हणाले, "अवो, आबांना मागं अंधारात एका कोपऱ्यात बसवा, म्हणजे लोक मोकळेपणी हसतील." तर हे माझ्यावरच डाफरले, "माझ्या बापाला मागं बसवू? गाव काय म्हणंल?"

दुपारची वेळ. मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार केला होता. पडदा लावला तो लग्न लागतं त्या स्टेजवर. आणि पडद्याच्या शेजारी, लोकांकडं तोंड करून, नवरदेवाची लाल खुर्ची! त्या खुर्चीत आबा. डोक्याला फेटा, अंगावर शाल, मांडीवर नारळ. सिनेमा त्यांच्या बाजूला, गाव त्यांच्या समोर. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडणार आणि आबा ती तोंडं बघत बसणार. सोंगाड्याचा मान करायचा म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवला, आणि अपेक्षा ही की लोकांनी आता देवाला खदाखदा हसावं. अशी युक्ती आमच्याच लोकांना सुचते.

त्यात प्रमुख पाहुणे. परभणीचे एक निवृत्त प्राध्यापक. मराठीचे, बोलायला लागले की घड्याळ बघत नाहीत आणि दुसऱ्यांनाही बघू देत नाहीत. सिनेमा सुरू व्हायच्या आधी त्यांनी सिनेमा समजावून सांगितला. पूर्ण. शेवटासकट. आणि वर म्हणाले की मित्रहो, वरवर पाहता हा विनोद वाटेल, पण हा सिनेमा हसण्याचा नाही, अंतर्मुख होण्याचा आहे. आमचं गाव आज्ञाधारक. शिकलेल्या माणसानं हसायचं नाही म्हटल्यावर सगळे मांडी घालून अंतर्मुख झाले.

सिनेमा सुरू झाला. बायकांच्या बाजूला मी बसले होते, तिथून आबा सरळ दिसत होते. काहील उतरली, कुणी हसलं नाही. तोंडात भजं घेऊन ते वरच्यांशी बोलले, कुणी हसलं नाही. चहाचा प्रसंग आला. आबा खुर्चीत थोडे पुढं सरकले. पडद्यावर बशी टोपल्यावर गेली, म्हातारा गुडघ्यातून खाली गेला, आणि मागच्या बाजूला दोन-चार पोरं फिस्सकन हसली. आबांनी मान उचलली. लगेच कुणीतरी दरडावलं, "ए, गप! आबा बसलेत समोर, दिसत न्हाई व्हय?" पोरं गप्प झाली. माझ्या शेजारच्या बाईचे खांदे हलत होते, पण तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता, आणि मीही. सगळ्या बायकांनी. अख्खी बायकांची बाजू पदराआड गुदमरत होती आणि आबांना समोर नुसते लुगड्यांचे आणि साड्यांचे काठ दिसत होते.

संपल्यावर लोक रांगेनं त्यांच्या पाया पडले. "लय भारी, आबा. डोळ्यात पाणी आलं." आबा प्रत्येकाला मान हलवून होकार देत होते. घरी आले, फेटा उतरवून खुंटीला अडकवला आणि मला म्हणाले, "चांगला झाला कार्यक्रम. माणूस गेल्यावर शोकसभा घेतेत, तसा. फकस्त मी जिता व्हतो." मी भांडी घासायला बसले आणि आमच्या यांच्यावरचा राग ताटांवर काढला. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

चार दिवस गेले असतील नसतील, प्राध्यापक दारात हजर. मुलाखत घ्यायची होती. आबांवर मोठा लेख लिहायचा होता त्यांना. मला तर वाटलं दारातूनच परत पाठवावं, पण पाहुणा आहे, काय करता! ओसरीवर सतरंजी टाकली. ते आणि आबा समोरासमोर बसले, दीर भिंतीला टेकून. मी चहा नेऊन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत, अर्धी आत अर्धी बाहेर, अशी उभी राहिले. पदर डोक्यावर.

प्राध्यापकांनी सुरुवातच बशीपासून केली. बशी म्हणजे पोकळी, असा त्यांचा मुद्दा. भरलेली असूनही माणसाला न मिळणारी, म्हणून ती अस्तित्वाची पोकळी. बोलताना त्यांचा उजवा हात पुढं यायचा, तळवा वर, बोटं पसरलेली, जणू ती पोकळी त्यांनी घरून सोबतच आणली होती. आबा ऐकत होते. मान खाली, खांदे पडलेले. त्यांनी सवयीनं कपातला चहा बशीत ओतला. फुंकर घातली. बशी ओठांपर्यंत नेली.

आणि रस्त्यानं सायकलवरून जाणारा खालच्या आळीचा एक माणूस आत डोकावून म्हणाला, "रामराम, आबा!"

खरंच म्हणाला. देवाशपथ सांगते. त्याला काय माहीत आत काय चाललंय ते!

आबा थबकले. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. तिथं एक क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग काहीतरी जागं झालं. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. जागा नाही. मग अतिशय शांतपणे, अतिशय आदरानं, त्यांनी ती भरलेली बशी प्राध्यापकांच्या पसरलेल्या तळव्यावर ठेवली, दोन्ही हात जोडले आणि दाराकडं बघून म्हणाले, "रामराम, बाबा."

प्राध्यापकांनी बोलणं थांबवलं नाही! हातावर बशी तोलत, नजर बशीवर ठेवून, सांडू नये म्हणून एकेक शब्द हळू सोडत ते म्हणत होते, "म्हणजे... ही... जी... पोकळी..."

मी फुटले. पदराचा बोळा करायलाही वेळ मिळाला नाही. चौकटीला धरून, डोक्यावरचा पदर खांद्यावर आणि खांद्यावरचा खाली, सासऱ्यापुढं, दिरापुढं, परक्या पुरुषापुढं मी खदाखदा हसले. थांबायचा प्रयत्न केला तर आणखी जोरात आलं. इतकी वर्षं घागरी भरून भरून आत ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. मी खाली बसले. उंबऱ्यावर. पोट दुखायला लागलं.

दीर माझ्याकडं आ वासून बघत होता. आबा वळून बघत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, मर्यादा, वळण, काहीतरी.

"हसली," ते म्हणाले.

मग दिराला म्हणाले, "आरं, हसली ही." मग प्राध्यापकांकडं वळले, त्यांच्या तळव्यावरची बशी अलगद उचलून घेतली आणि म्हणाले, "सर, हे लिवा. सून हसली म्हणून लिवा. बाकी काय लिवायचं ते लिवा तुमी."

"आबा," मी उंबऱ्यावरूनच म्हणाले, श्वास पुरत नव्हता, "पहिल्यापासून हसायले मी. तुमी म्हशीला अर्ज मागायचे तवापासून. पाणी आणायला कामून जात होते मी सारखी?"

आबा माझ्याकडं बघतच राहिले. त्यांनी चहा प्यायला, एका घोटात, तो आता थंडगार झाला होता, आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. प्राध्यापक मान हलवत वहीत काहीतरी लिहीत होते. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

लेख आला. लांबलचक, फोटोसकट. मी सकाळी धारा झाल्यावर ओसरीवर घेऊन बसले आणि वाचायला लागले. पोकळी होती, अस्तित्व होतं, कवळीच्या वेदनेला तर एक वेगळा परिच्छेद होता. आणि शेवटाकडं मी होते. त्या घरातली सून, लिहिलं होतं, अचानक हसली. पण ते हास्य नव्हतं. शतकानुशतकं दडपल्या गेलेल्या ग्रामीण स्त्रीचा तो आक्रोश होता, आणि तो ऐकताना लेखक हादरून गेला होता.

मी वाचता वाचता थांबले. आबांकडं बघायची हिंमत होईना. परत या विद्वानांनी माती केली, परत, तेही माझ्या हसण्याची! कागद चुलीत घालावा म्हणून मी उठायला लागले, तेवढ्यात बाजेवरून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा. मग आबांनी दोन्ही हात पोटावर धरले आणि ते हसायला लागले. इतके की कवळी सुटली, ती त्यांनी हातात धरली आणि बोळक्या तोंडानं हसत राहिले. "आक्रोश!" ते म्हणायचे आणि परत सुरू व्हायचे. "आक्रोश म्हणं! मायला!" मग मीही बसले त्यांच्या समोरच, पदर गेला तिकडं, आणि आम्ही सासरा-सून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं आबांनी कवळी परत बसवली.

"पण बाई, हसली, एवढं तर लिवलंय ना त्यानं?"

मी कागद परत बघितला. "हो आबा. 'अचानक हसली' असं आहे."

"मग झालं," आबा म्हणाले, आणि आत तोंड करून दिराला हाक मारली, "आरं ए! ते माळ्यावरचं टोपलं काढ बरं खाली."